सहाव्या पायरीचा डबा

वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत आमचं केंद्र होतं. केंद्र म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, पुढे टिनाचं शेड आणि त्यावर निळ्या अक्षरांची पाटी. वंचित समाजातल्या माणसांना मनाच्या त्रासासाठी इथे मोफत सल्ला मिळतो, असं पाटीवर लिहिलेलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत 'सर्वांसाठी खुले'. 'वंचित' हा शब्द वाचून आसपासचं फारसं कोणी आत यायचं नाही, आणि ज्यांच्यासाठी तो लिहिला होता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पाटी वाचता यायची नाही. ती रंगवून घेताना मीच भर उन्हात पेंटरच्या डोक्यावर उभी होते, त्यामुळे हे म्हणायचा हक्क मला आहे.

मी वर्ध्याच्या व्यापारी घरातली. पुढे वडिलांचं धान्याचं दुकान, मागे घर. नव्वदच्या दशकात मी समाजकार्य शिकायला नागपूरला निघाले तेव्हा वडील म्हणाले, "लोकांशी बोलायलाही कॉलेज लागते का आता?" लागतं, असं मी तावातावाने सांगितलं होतं. पुढे इकडेतिकडे नोकऱ्या केल्या आणि दोन हजार सालानंतर या केंद्रात आले. पुण्यामुंबईकडून आम्हाला शिकवायला माणसं यायची. आघात शरीरात बसतो, हात लक्षात ठेवतात, नाक लक्षात ठेवतं, म्हणून माणसाला आधी सुरक्षित वाटू द्या, घाई करू नका, तो कुठल्या वस्तीतून आलाय ते विसरू नका, असं ते सांगायचे. चांगलं शिकवायचे, खोटं कशाला बोलू. मी वह्या भरून काढल्या. त्याच वह्यांत एक नियम होता, पेशंटकडून काही घ्यायचं नाही. भेटवस्तू नाही, फळ नाही, खाणं नाही. नात्याची सीमा, असं त्याला म्हणायचे.

ती आली तेव्हा पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आंजीच्या पलीकडचं एक गाव, नाव लिहीत नाही. तिशीतली बाई, मातंग समाजाची. गावात त्यांची पाचच घरं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: झोप नाही, हात थरथरतात, सारखे हात धुते, अन्नाला वास येतो म्हणते. गोळ्या सुरू होत्या. पहिल्या दिवशी सोबत नवरा आला होता. तो शेडमध्ये बसून राहिला आणि पुढे कधी आला नाही. ती मात्र एकटी बस बदलून दर मंगळवारी यायची.

मी तिला माठातलं पाणी दिलं, स्टीलच्या ग्लासात. तिने ग्लास ओठांच्या चार बोटं वर धरला, पाणी तोंडात सोडलं, मग बाहेर जाऊन ग्लास विसळला आणि माठाशेजारी पालथा ठेवला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'स्वच्छतेची अतिकाळजी दिसते.' माझं अक्षर चांगलं आहे, ती ओळ आजही स्वच्छ वाचता येते.

"हात इतके काऊन धुता?" मी विचारलं. पेशंटच्या बोलीत बोलावं, हेही शिकवलेलं होतं.

"वास जात नाई, मॅडम."

"कशाचा?"

"घासलेटचा."

बाकीची हकिकत यायला तीन मंगळवार लागले. घाई मात्र मी केली नाही.

त्या वर्षापर्यंत शाळेतल्या पोरांना तांदूळ घरी न्यायला मिळायचे. मग शाळेतच खिचडी शिजवून द्यायची असं ठरलं आणि त्यांच्या गावात ते काम बचत गटाकडे आलं. गटात ही होती. रोज दुपारी धुरात बसायला बाकीच्या बायका तयार होईनात, म्हणून गटाच्या अध्यक्षीणबाईंनी हिचं नाव दिलं. ही खूश. हिचा हात सयपाकाला चांगला, असं माहेरी सगळे म्हणायचे. पहिल्या दिवशी निम्मी पोरं मधल्या सुट्टीत उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आणखी गेली. तिसऱ्या दिवशी रांगेत पाच-सात पोरंच उरली, त्यांत दुसरीत शिकणारी हिची मुलगी. वाढून झालं होतं. तेवढ्यात गावातला एक माणूस हातात टिनाची डबकी घेऊन आला आणि त्याने चुलीवरच्या खिचडीच्या गंजात घासलेट ओतलं.

"ओरडला नाई, शिवी देल्ली नाई," ती सांगत होती. "झाडाले पानी घालते ना कोनी, तसं घातलं न गेला."

गुरुजी व्हरांड्यात उभे होते. त्यांनी शाळेच्या वहीत 'खिचडी करपली' अशी नोंद केली. मुलीच्या ताटात आधीच वाढलेली खिचडी होती, तिच्यात घासलेट पडलेलं नव्हतं. पण मुलीने ताट नाकाला लावलं आणि विचारलं, "आई, तुया खिचडीले घासलेटचा वास काऊन येते?" त्या संध्याकाळपासून हिला स्वतःच्या हातचा प्रत्येक घास घासलेटचा लागायला लागला. भाकरी, वरण, चहासुद्धा. चूल पेटवायला बसली की हात थरथरायचे.

"केस नाही केली?"

"पाच घरं हाये आमचे, मॅडम. केस जिंकलो तं राहाचं कुठी?"

मी मान हलवली. मान हलवायचंही आम्हाला शिकवलेलं होतं.

अध्यक्षीणबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी हिला सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत जागा ठेवतो तुयी. बरी होऊन येजो." म्हणजे दिवाळीनंतर शाळा उघडेल तेव्हा हिला चुलीपुढे बसता यायला हवं होतं, नाहीतर काम दुसरीकडे जाणार होतं. दर मंगळवारी निघताना ती म्हणायची, "मले शाळेत सयपाक कराचा हाये." ज्या गावाने असं केलं त्याच गावाच्या पोरांना खाऊ घालायची एवढी ओढ कशाला, असं मला वाटायचं. एकदा मी विचारलंच.

"पोरीनं पाह्यलं ना," ती म्हणाली. "आईच्या हातचं नासवलं हे तिनं पाह्यलं. आता सारे पोट्टे बसून खाऊन राह्यले, हे बी तिनं पाहाव. एक दिवस पाहाव. मंग काढलं तरी चालते."

इतकं सरळ मागणं माझ्याकडे कोणी आणलं नव्हतं. मी रात्रंदिवस त्याच विचारात होते, असं काही नाही, पण मंगळवारची वाट बघायला लागले एवढं खरं. मी सहा पायऱ्यांचा कागद तयार केला. पहिल्यांदा नुसते तांदूळ हातात घेऊन बसायचं. मग चूल पेटवून विझवायची. मग स्वतःपुरतं शिजवायचं, मग नवऱ्याला आणि सासूला वाढायचं, मग मुलीला. सहावी पायरी, घराबाहेरच्या एका माणसाला आपल्या हातचं खाऊ घालायचं. प्रत्येक पायरीनंतर वास किती आला ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. ते तिला कधी जमलं नाही. "कालच्यापरीस कमी," ती म्हणायची, किंवा "हाये, पन दूर हाये." मीच मनाने आकडा लिहून टाकायचे.

आणि ती चढत गेली. तिसऱ्या पायरीला रडली, चौथीला सासूने दुसऱ्यांदा भात मागून घेतला म्हणून हसली. पाचवीला मुलीने ताट नाकाला न लावता जेवण केलं. तो मंगळवार मला आठवतो. त्या दिवशी तिने ग्लास ओठांना लावून पाणी प्यायलं. नंतर विसळला, पण प्यायली ओठ लावून. मी इतकी खुशीत घरी गेले की आई म्हणाली, लॉटरी लागली की काय.

मग सहावी पायरी समजावून सांगितली.

"घराभायेरचं म्हंजे कोनी बी?" तिने विचारलं.

"कोणी बी."

"दुसऱ्या जातीचं?"

"मग तर फारच चांगलं," मी म्हणाले. त्यांच्या पाच घरांतली एखादी बाई, नाहीतर आंजीला दिलेली तिची बहीण, असं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मॅडम, तुमी कांदा-लसण खाता का?"

"घरी नाही चालत आमच्या," मी रजिस्टरमध्ये डोकं घालून म्हणाले. बायका बोलता बोलता काहीही विचारतात, असं मला वाटलं. हुशार समजायचे मी स्वतःला.

पुढच्या मंगळवारी दिवाळी आठ दिवसांवर होती. ती नवीन पातळ नेसून आली. टेबलावर फडक्यात बांधलेला डबा ठेवला, गाठ सोडली, झाकण काढलं. गोळाभात होता, भातात बेसनाचे गोळे, वर मोहरीच्या फोडणीचं तेल. ती दोन बसगाड्या बदलून आली तरी भात अजून कोमट होता. फोडणीचा वास खोलीभर झाला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण मला भूक नव्हती असं पुढे मी बऱ्याच जणांना सांगितलं.

"कांदा-लसण नाई टाकला," ती म्हणाली.

तिचे हात टेबलावर होते. थरथरत नव्हते.

आणि मी म्हणाले, "अहो, आमच्याकडे नियम आहे. पेशंटकडून काही घेता येत नाही आम्हाला." म्हणता म्हणता डबा तिच्याकडे सरकवला. हाताने नाही. रजिस्टर हातात होतं, त्याच्या कोपऱ्याने.

तिने कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली. झाकण लावलं, गाठ मारली आणि डबा मांडीवर घेऊन बसली. मी पुढची पाच मिनिटं तिला नियम समजावून सांगितला. तुमचा अपमान नाही, सगळ्यांनाच असतो, उलट तुमच्याच भल्यासाठी आहे. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. शेवटी मी नेहमीचं विचारलं, "आज वास किती?"

"दहा, मॅडम," ती म्हणाली.

तिने स्वतःहून सांगितलेला तो पहिला आकडा. मी तो लिहून घेतला.

नियम होता हे खरं आहे. मी तो बनवलेला नाही. पण त्याच महिन्यात एक कारकून, मुलाला नोकरी लागली म्हणून, पेढे घेऊन आले होते. आमचेच पेशंट, आमच्यासारख्याच घरातले. मी त्यांचे दोन पेढे खाल्ले होते आणि तिसरा घरी नेला होता. तेव्हा सीमा कुठे गेली होती? आठवलीच नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात त्याच दिवशी संध्याकाळी आली आणि मी ती कोणाला सांगितली नाही.

आणखी एक आठवलं. लहानपणी उन्हाळ्यात दुकानावर तहानलेली माणसं यायची, पोती उचलणारी, गाडीवाली, धान्य निवडणाऱ्या बाया. त्यांतल्या काहींना पाणी वरून द्यायचं असायचं. ते ओंजळ करायचे आणि मी ओट्यावर उभी राहून तांब्या उंच धरून धार सोडायचे. सात-आठ वर्षांची असेन. वडील गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, पोरीच्या हातून थेंब सांडत नाही. कोणाला वरून द्यायचं, कोणाला ग्लासात, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही, आणि तरी मी कधी चुकले नाही. आघात लक्षात ठेवणाऱ्या हातांबद्दल मी चार वह्या लिहिल्या होत्या. माझे हात काय लक्षात ठेवून बसलेत, हे त्यांत कुठेच नव्हतं.

महिन्याच्या बैठकीत मी ही केस मांडली. पेढ्यांबद्दल आणि रजिस्टरच्या कोपऱ्याबद्दल बोलले नाही. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "अवघड प्रसंगात तुम्ही सीमा छान सांभाळलीत." मी थँक्यू म्हणाले.

ती पुन्हा आली नाही. दिवाळी झाली, मी कार्ड टाकलं. शाळा उघडली असेल, मी दुसरं कार्ड टाकलं. मंगळवारी अकरा वाजता शेडकडे बघायची सवय मात्र बरेच दिवस गेली नाही. तिच्या गावाला जायला मला वर्ष लागलं. अंतर म्हणाल तर फार नाही. आंजीपर्यंत बस, पुढे ऑटो. लाज वाटत होती म्हणून गेले नाही, दुसरं कारण नाही.

गेले तेव्हा पुन्हा पोळा झालेला होता. वाटेतच शाळा लागली. मधली सुट्टी होती आणि व्हरांड्यात पोरांच्या लांब रांगा जेवायला बसल्या होत्या. वाढणारी बाई वेगळी होती. सगळे खात होते. रांगांपासून थोडं दूर, खांबाजवळ चार-पाच पोरं निराळी बसली होती. त्यांत तिची मुलगी असेलच. मी तिला ओळखत नव्हते, म्हणून थांबले नाही.

ती नुकतीच शेतातल्या निंदणाहून आली होती, पायांना माती होती. मला बघून गडबडली, बाज टाकली, पदर सारखा केला. "बसा ना, ताई," म्हणाली. केंद्रात मॅडम होते, घरी ताई झाले. चुलीपाशी सासू बसली होती. हात कसे आहेत, झोप येते का, असं मी विचारलं. गोळ्या कधीच सोडल्या, म्हणाली. झोप येते, दिवसभर वावरात राबल्यावर न येऊन जाते कुठे.

मग मी एका दमात बोलून टाकलं, नाहीतर बोलणं झालंच नसतं. "त्या दिवशी मी चुकले. तुम्ही माझ्यासाठी करून आणलं होतं. मी खायला पाहिजे होतं."

"नाई, ताई," ती म्हणाली, उलट माझीच समजूत काढत. "तुमी काई वाईट नाई केलं. नियम होता ना."

"मी दुसऱ्यांचं खाल्लं होतं."

तिने पायांवरची माती झटकली. तिला हे माहीत नव्हतं, आणि तरी तिला नवल वाटलं नाही. मला वाटतं, त्या घरात बसून मी सगळ्यात जास्त कशाला घाबरले असेन तर त्याला.

"आज खाते," मी म्हणाले. "जे असेल ते. शिळी भाकरी द्या, चालेल."

"मी नाई रांधत आता," ती म्हणाली. "सासूच रांधते."

"आणि मुलगी?"

"ते शिकन घरापुरतं. तिले सांगून ठेवलं, आपल्या हातचं भायेर कोनाले देऊ नको. कोनी मांगतलं तरी." हे ती रागाने म्हणाली नाही. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ, असं पोरांना सांगतो त्या आवाजात म्हणाली. वर्षभरापूर्वी याच मुलीला एक दिवस दाखवायचं म्हणून ती दोन बसगाड्या बदलत होती.

मी तरी हट्टाने बसून राहिले. मला खायचं होतं. कोणासाठी, तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

ती आत गेली. फळीवरून बिस्किटांचा पुडा काढला, पदराने पुसला आणि एका टोकाला दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला. "पाव्हन्यासाठी ठेवतो आता," ती म्हणाली. "दुकानातला हाये. आतमंदी माया हात लागला नाई. तुमीच फोडा."

मी पुडा फोडला. वर छापलेली तारीख उलटून काही महिने झाले होते. इतक्या दिवसांत त्या घरी पुडा फोडणारा पाहुणा आलेला नव्हता. बिस्किटं आठ होती, मी आठही खाल्ली. ती उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती, परीक्षेचा कागद तपासून घेताना बघावं तशी. शेवटचं संपलं तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला आणि हळूच विचारलं, "ताई, वास तं नाई ना आला?"

नाही आला, असं मी तीनदा सांगितलं. तिने मान हलवली आणि अंगणातल्या घागरीपाशी जाऊन हात धुवायला लागली.